गुंगीत ती जे बोलली

‘मॅडम, जरा गुंगी द्यायचीय. जरासंच काम आहे.’ हे वाक्य मी वीस-बावीस वर्षं फोनवर ऐकतेय, आणि दर वेळी बोलणाऱ्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटतो. काम जरासं असेल ते तुझं, बाबा. तू चार बोटं जागेत काहीतरी करणार. तेवढ्या वेळात त्या माणसाचा श्वास, नाडी, जीभ, मेंदू, सगळा कारभार माझ्या गळ्यात असतो. त्यात जरासं काहीच नसतं.

मी भूल देणारी डॉक्टर. राहते शहापूरला. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. शहापूर नि मुरबाडची छोटी हॉस्पिटलं बोलावतात तशी मी गाडीच्या डिकीत औषधांची बॅग टाकून किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने इकडून तिकडे हिंडत असते. पेशंट बरा झाला की पेढे सर्जनला. मला फार तर ‘सुईवाली बाई’ म्हणतात. मग मीही त्यांना माझ्या मनात काय काय म्हणते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लोकांना तुच्छ लेखायची सवय मला लहानपणापासूनची आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. माझे वडील भातसा धरणावर नोकरीला होते. भातसानगरच्या कॉलनीत आमचं क्वार्टर होतं. आमच्याकडे नळ, रस्त्यावर दिवे, दवाखाना, शाळा. आजूबाजूच्या गावांतली मुलं आमच्या शाळेत चालत यायची आणि आम्ही कॉलनीची पोरं त्यांच्या बोलण्याची नक्कल करून हसायचो. त्यांचं ‘काय झाला’ आणि ‘नाय माहीत’ आमच्या करमणुकीचं साधन होतं. मी पुढे डॉक्टर झाले, परत याच मुलखात आले, पण ते हसू काही माझ्या ओठांवरून गेलं नाही. फक्त ते आता तोंड मिटून हसता यायला लागलं.

तर मुरबाडचा सर्जन. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याने एक मशीन आणलं होतं. स्तनातली गाठ कापून काढायची नाही. पेन्सिलीएवढ्या जाड सुईने आत शिरायचं, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत गाठीचे तुकडे करायचे आणि ते आत ओढून घ्यायचे. टाका नाही, डाग नाही. हॉस्पिटलच्या दारावर त्याने तसा बोर्डच लावला होता. मशीन चांगलंच होतं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार मशीनमागच्या माणसाबद्दल. उथळ पाण्याला खळखळाट फार. त्याला पडद्यावरची गाठ दिसायची. गाठीच्या भोवती एक बाई आहे हे दिसायचं नाही.

या कामाला पूर्ण भूल लागत नाही. जागेवर बधिर करायचं इंजेक्शन सर्जन देतो आणि वरून मी गुंगी देते. गुंगी म्हणजे एक औषध असं लोकांना वाटतं. ती दोन-तीन औषधांची मोट असते. मिडाझोलम भीती घालवतं आणि त्या वेळची आठवणही पुसून टाकतं. केटामिन दुखू देत नाही, श्वासही चालू ठेवतं, पण त्याचा एक खोडसाळपणा आहे: उतरताना ते माणसाला भलभलतं दाखवतं. माणूस डोळे फिरवतो, ओरडतो, हातवारे करतो. ते होऊ नये म्हणूनच सोबत मिडाझोलम लागतं. तिसरं प्रोपोफॉल, दुधासारखं पांढरं, झोप छान आणतं, पण थोडं जास्त गेलं तर श्वासच थांबवतं. या तिघांना एका शरीरात नांदवणं म्हणजे तीन जावांना एका चुलीवर नांदवणं. एकीची खोड दुसरी आवरते. त्यातली एक माहेरी गेली की उरलेल्या काय करतील ते सांगता येत नाही.

त्या दिवशी, माघातली सकाळ होती, त्याने ऑपरेशनला तीन बायका घेतल्या होत्या आणि वॉर्डात खाटा होत्या दोन.

पहिली बाई सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका गावातली. तिशीची असेल. घरची भातशेती, नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला. उजव्या स्तनात लिंबाएवढी गाठ. सोबत नवरा, सासू आणि अशा वेळी कुठून कुठून उगवतात तशा आणखी दोघीजणी. पिशवीत नारळ, हळदीकुंकवाची डबी, फरसाण. ऑपरेशनला आलेत की जत्रेला, असं मी नर्सला म्हटलं, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मी तिला तपासायला बसले. डाव्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि ठरलेले प्रश्न विचारले: काही खाल्लंय का, दम लागतो का, कुठल्या औषधाचं वावडं आहे का. ती मान हलवत होती. मग हळूच म्हणाली, “बाई, एक सांगायचा होता...” आणि दाराकडे बघून गप्प झाली. दारात सासू उभी होती. माझं बीपीच्या आकड्याकडे लक्ष होतं. “काही घाबरायचं नाही गं,” मी म्हटलं आणि पट्टा सोडला. या बायकांना एक सांगायचं असतं म्हणजे रामायण सांगायचं असतं, हा माझा अनुभव.

सर्जन हात धुता धुता म्हणाला, “मॅडम, आज मिडाझोलम नको हां. संध्याकाळपर्यंत लोळत पडतात. मला खाट रिकामी पाहिजे.”

इथे मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. माझं औषध, माझा निर्णय. त्याचा काय संबंध? पण त्या माणसाशी वाद घालणं मला कमीपणाचं वाटलं. गाढवापुढे वाचली गीता, असं मनात म्हणून मी मिडाझोलमची बाटली परत बॅगेत ठेवली. हा राग नव्हता, आळसही नव्हता. ही तुच्छता होती, आणि तिची किंमत मी मोजणार नव्हते.

केटामिन दिलं, प्रोपोफॉल अगदी बेताने. ती गुंगीत गेली. सर्जनने सुई घातली. बधिर करायच्या औषधात त्याने काटकसर केली असणार, कारण शेवटी शेवटी ती हलायला लागली. “मॅडम, हलतायत, हलतायत!” हा ओरडला. नाचता येईना, अंगण वाकडं. मी आणखी थोडं केटामिन दिलं. काम झालं, गाठ निघाली, श्वास उत्तम, नाडी उत्तम. तिला बाजूच्या खोलीतल्या खाटेवर नेलं. मी नर्सला तिच्यापाशी थांबायला सांगून दुसरीची तयारी करायला लागले. पाच-सात मिनिटं गेली असतील, आणि आरोळी ऐकू आली.

मी धावले. ती खाटेवर उठून बसली होती. केस सुटलेले, डोळे वटारलेले, कमरेपासून गोल गोल घुमत होती. घशातून येणारा आवाज तिचा वाटतच नव्हता. हे केटामिन उतरतंय, हे मला एका नजरेत कळलं. बाकी सगळ्यांना भलतंच कळलं होतं. सासूने पिशवीतली डबी काढून तिच्या कपाळभर कुंकू फासलं होतं. नवरा चपला काढून हात जोडून उभा होता. त्या दोघी खाली वाकल्या होत्या. आणि मी जिला पेशंट सांभाळायला ठेवलं होतं ती माझी नर्स, नर्सिंग शिकलेली मुलगी, तीही हात जोडून!

“कोन हायस गो आई?” सासू विचारत होती. “का आलीस? काय चुकला आमचा?”

ती घुमत घुमत म्हणाली, “काखंत हाय. डाव्या काखंत हाय. ती नाय काढली ह्यांनी. माज्या पोरीला मुंबईला न्या. न्याल का नाय?”

“नेतो आई, नेतो! उद्याच नेतो,” सासू रडायला लागली. “तिनं सांगितला होता मना. मी अवधाण म्हनून गप बसवली तिला. चुकला माजा.”

हाताला काही कापलं-खुपलं की काखेत गोळा येतो, त्याला इकडे अवधाण म्हणतात. लेप लावतात, शेक देतात, जातं. हे मला माहीत होतं. आणि सासूचं हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण मी ऐकत नव्हते. माझं डोकं भणाणलं होतं. मागून सर्जन आला, हसला, आणि त्याने खिशातून मोबाईल काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. मी त्याचा हात खाली दाबला. एवढी एकच गोष्ट मी त्या दिवशी बरी केली.

मी मिडाझोलम भरलं आणि तिच्या शिरेत सोडलं. ती हळूहळू मागे कलंडली आणि शांत झोपली. मग मी वळले. रिकामी झालेली केटामिनची बाटली सासूच्या नाकासमोर धरली आणि भाषण दिलं.

“ही देवी-बिवी काही नाही, मावशी. ही देवी या बाटलीतली आहे. हे औषध उतरताना माणूस बरळतो. तुम्हाला दिलं तर तुम्हीही घुमाल, तुमच्या मुलाला दिलं तर तोही घुमेल. त्या बोलण्याला काडीचा अर्थ नसतो. कळलं?”

“पन बाई, ती काखंतला बोलली...”

“काखेतलं नाही नि पायातलं नाही. डोक्यातला गोंधळ असतो तो सगळा. एवढी शिकली-सवरली पोरं तुमच्या घरात, आणि तुम्ही हॉस्पिटलात कुंकू उधळताय? लाज वाटत नाही?”

नवऱ्याने चपला पायात घातल्या.  सासूने पदराचं टोक ओलं केलं आणि सुनेच्या कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं. नीट, कडेकडेने, शेवटचा डाग जाईपर्यंत. मला फार बरं वाटलं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं कार्य माझ्या हातून झालं, असंच वाटलं मला. पुढे महिनाभर मी हा किस्सा शहापुरात डॉक्टरमंडळींना चहाबरोबर ऐकवला. घुमण्याची नक्कलही करायचे. ‘काखंत हाय, काखंत हाय.’ लहानपणचा सराव कामी आला.

संध्याकाळी ती जागी झाली. मी निघायच्या आधी बघायला गेले. तिने विचारलं, “बाई, मी काय बोलली का झोपंत? हे असे का बघतात माज्याकडं?”

“काही नाही. वेडंवाकडं बरळलीस थोडं. होतं तसं.”

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. सकाळी जे एक सांगायचं होतं, ते ती त्यानंतर कुणाला सांगणार होती? वेडंवाकडं बरळणाऱ्या बाईने आणखी काय बोलायचं?

तिच्या काखेत दोन बोटं घालून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी भूल देते म्हणून काय मला गाठ कळत नाही? सकाळी बीपीचा पट्टा मी त्याच डाव्या दंडाला गुंडाळला होता. काख तिथून चार बोटांवर. सर्जनने उजवीकडची गाठ पडद्यावर पाहिली, तेवढीच काढली, डावी बाजू बघायचं त्याला सुचलं नाही. तो मूर्ख होता. मी मूर्ख नव्हते. मी हुशार होते, आणि एक बाई काहीतरी सांगत असताना तिच्या तोंडून फक्त माझं औषध बोलतंय, अशी माझी खात्री होती. केटामिन माणसाला घुमवतं, आवाज बदलतं, हे खरं. पण काखेतली गाठ केटामिन आणत नाही. ती तिची होती. ती तिने रोज आंघोळ करताना हाताने चाचपली होती, सासूला सांगितली होती, मला सांगायला तोंड उघडलं होतं. गुंगीने फक्त दारातल्या सासूची भीती काढून घेतली.

उजव्या गाठीचा रिपोर्ट आला. साधी गाठ. सर्जनने मला फोनवर फुलांचा गुच्छ पाठवला. सगळे खूश.

भाताच्या लावण्या आटोपल्यानंतर, भाद्रपद लागता लागता, शहापूरच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. काखेतल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढायचाय, जरा गुंगी द्यायला या. तिथला सर्जन वयस्कर, कमी बोलणारा. बॅग घेऊन वर गेले तर बाकावर ती सासू बसलेली. मी तिला ओळखलं, आणि त्याच क्षणी सगळं कळलंही.

सर्जनने आत नेऊन दाखवलं. डावी काख अंड्याएवढी भरलेली, हात खांद्यापासून सुजलेला. “हे साधं नाही,” तो म्हणाला. “तुकडा काढून रिपोर्टसकट हिला मुंबईला पाठवतो. पण यांनी सहा महिन्यांपूर्वी यायला हवं होतं. तेव्हा खूप काही करता आलं असतं.” एरवी मी लगेच म्हटलं असतं, ही माणसं उशिराच येतात. माझ्या जिभेवर ते वाक्य तयारच असतं. त्या दिवशी ते तसंच गिळलं.

मी बाहेर जाऊन सासूजवळ बसले. तिने मला ओळखलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“आमी नेनार होतो, बाई. दुसऱ्या दिवसाची गाडी पन सांगनार होतो, मुंबईला जायाला. मंग तुमी बोललात, त्याला काय अर्थ नाय. पोरगा बोलला, डाक्टरीनबाई शिकलेल्या हायेत, त्यांना कळतं. गाडी नको बोलला. मंग लावनीत तिच्या हाताला कापला, परत अवधाण म्हनून लेप लावला. वाढतच गेला. आई खोटा नाय बोलली होती. होय ना?”

“नाही,” मी म्हटलं. “खोटं नव्हतं. पण ती देवी नव्हती, मावशी. तुमची सूनच बोलत होती. ती खरं बोलत होती, आणि ते मला ऐकायला हवं होतं. चूक माझी आहे.”

सासूने माझ्याकडे बघितलं. तिला यातलं किती पटलं, मला माहीत नाही. तिने फक्त मान हलवली, जणू मी गाडीची वेळ सांगितली होती. मला वाटलं होतं, चूक कबूल केली की छातीवरचं काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. सहा महिने परत आणता येतात का कबुलीने? माझ्या कबुलीचा त्या सुजलेल्या हाताला काय उपयोग?

आत ती टेबलावर झोपली होती. अंगाने अर्धी झाली होती. मी तिच्या डोक्याशी स्टूल घेऊन बसले. मला बघून ती ओळखीचं हसली, आणि मला ते हसू सहन झालं नाही. मी तिला हळूच विचारलं, आणखी कुठे गाठ लागते का, दुखतं का, रात्री झोप लागते का, भूक आहे का. ती एकेकाचं उत्तर देत गेली. मी मध्ये बोलले नाही. रामायण वगैरे काही नव्हतं. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

मग ती म्हणाली, “बाई, एक ईचारू? त्या दिवशी मी काय बोलली होती? घरात कोनी सांगत नाय. ईचारला की सासू डोळं पुसते. हे उठून भायेर जातात.”

मी सांगितलं. शब्दन् शब्द, तिच्याच बोलीत, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत ते सांगता येण्यासारखं नव्हतं. काखंत हाय. डाव्या काखंत हाय. ती नाय काढली ह्यांनी. मुंबईला न्या. मी महिनाभर ज्याची नक्कल केली, ते वाक्य मी पहिल्यांदाच सरळ उच्चारलं. मग हेही सांगितलं, की ते ऐकून सगळे तिला न्यायला तयार झाले होते आणि मी त्यांना थांबवलं.



“म्हंजे मी सांगितला होता,” ती म्हणाली. “मना सहा महिनं वाटतंय, मीच गप ऱ्हायली म्हनून हा झाला.”

आणि तिने सुईसाठी उजवा हात माझ्यापुढे केला.